लाइट गेली, जॉब अर्धा राहिला, आता काय? राउटरच्या होम आणि लिमिट स्विचचं वायरिंग



नवीन सीएनसी राउटर घेणाऱ्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. स्पिंडल किती किलोवॅटचा घेऊ, बेड दोन बाय तीन पुरेल की चार बाय चार, आणि लोन कुठून होईल. होम स्विच आहे का, तो कुठल्या प्रकारचा आहे, त्याची वायर कुठून नेली आहे, असं विचारणारा क्वचित भेटतो. व्हिडिओत मी वायरिंग हाताने करून दाखवलं आहे, पण असं का जोडायचं हे सांगायला तिथे वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख. थोडा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात वायरपासून नको, धंद्यापासून करू.

समजा तुमच्या मशीनवर देवघराचं पॅनल लागलंय. लाकूड गिऱ्हाइकाचं आहे, गावच्या जुन्या वाड्याचं सागवान. तसं लाकूड पुन्हा मिळणार नाही. साडेतीन तास कोरीवकाम झालंय, पाऊण तास राहिलंय, आणि लाइट जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे, पण त्याचा काही उपयोग नाही, कारण मोटर ड्रायव्हर बंद पडले. मोटरची पकड सुटली. स्पिंडल जड असेल तर झेड ॲक्सिस आपल्या वजनाने थोडा खाली सरकतो. मग आपण घाईत गँट्री हाताने मागे ढकलतो, बिट कुठे रुतलंय ते बघायला.

लाइट आल्यावर मशीन चालू केलं की कंट्रोलरला वाटतं, मी जिथे उभा आहे तेच शून्य. स्टेपर मोटरला स्वतःची जागा माहीत नसते. कंट्रोलर फक्त पाठवलेले पल्स मोजतो, आणि ती मोजणी लाइटबरोबर गेली. आता तुम्ही पेन्सिलच्या खुणेवर बिट टेकवून शून्य लावणार. नजरेने लावलेलं शून्य अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे होतंच. व्ही-बिटच्या कोरीवकामात अर्धा मिलिमीटर म्हणजे फुलाच्या पाकळीला दोन कडा. गिऱ्हाईक दुरून ओळखतं.

होम स्विच असेल तर हीच गोष्ट अशी होते. जॉब क्लॅम्पमधून हलवायचा नाही. होमिंगची कमांड द्यायची. मशीन आपल्या कोपऱ्यात जाऊन स्विचला टेकतं आणि त्याला स्वतःची जागा कळते. जॉबचं शून्य तुम्ही जी५४ मध्ये लावलेलं असतं आणि ते कंट्रोलरच्या कायमच्या मेमरीत असतं, लाइट गेल्याने पुसलं जात नाही. मग बिट वर घेऊन, स्पिंडल चालू करून, जिथे थांबलं त्याच्या थोड्या आधीच्या ओळीपासून फाइल सुरू करायची. पॅनल वाचलं. इथे एक बारीक गोष्ट बघून घ्या: काही सेंडर सॉफ्टवेअर शून्य लावताना जी५४ ऐवजी जी९२ वापरतात, आणि ते मशीन बंद झालं की उडतं. तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते कन्सोलच्या खिडकीत दिसतं. शून्याचं बटण दाबून एकदा बघाच.

लाइटचं सोडा, रोजच्या कामातही फरक पडतो. नेमप्लेटची ऑर्डर आहे, पन्नास नग. बेडवर एल आकाराची पट्टी ठोकून जिग केलं. दिवसभर मशीन बंद केलं नाही तर होम स्विच नसूनही चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी? आणि तीन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक ‘अजून दहा हवेत’ म्हणून आलं तर? होमिंग असेल तर जिग त्याच डॉवेल पिनवर बसवा, होम करा, सुरू. जी५४ ते जी५९ अशा सहा जागा साठवता येतात, म्हणजे सहा जिग. मी बॅचमध्ये याला ‘सहा गाळ्यांचं दुकान’ म्हणतो. ज्याला रिपीट ऑर्डरवर धंदा उभा करायचा आहे त्याला ही सोय स्पिंडलच्या जादा किलोवॅटपेक्षा जास्त कमावून देते, असं माझं स्पष्ट मत आहे.

होम वेगळं, लिमिट वेगळं

दोन्हीला स्विच तोच लागतो, म्हणून गोंधळ होतो. होम स्विचचं काम जागा सांगणं. लिमिट स्विचचं काम ॲक्सिस टोकाला जाऊन धडकायच्या आत मशीन थांबवणं. एकच स्विच दोन्ही कामं करू शकतो, आणि छोट्या मशीनवर बहुतेक वेळा करतोच.

लिमिट लागून मशीन थांबलं की ते एकदम थांबतं, हळूहळू वेग कमी करत नाही. त्यात स्टेप चुकतात. त्यामुळे जीआरबीएल कंट्रोलर तेव्हा अलार्म १ देतो, त्याचा अर्थ: थांबलोय, पण आता माझ्या जागेवर विश्वास ठेवू नका, परत होम करा. याच्या शेजारीच सॉफ्ट लिमिट नावाची सोय आहे. तिला वायर लागत नाही. होमिंग झालेलं असेल आणि बेडची लांबी सेटिंगमध्ये बरोबर भरलेली असेल, तर बेडबाहेर जाणारी ओळ आली की कंट्रोलर ती चालवायच्या आधीच अलार्म २ देऊन थांबतो. जागा शाबूत राहते. डिझाइन चुकून मोठं केलं, शून्य चुकीच्या कोपऱ्यात लावलं, अशा नवशिक्यांच्या रोजच्या भानगडी सॉफ्ट लिमिटच सांभाळतं. पण होमिंगशिवाय ते चालू होत नाही. म्हणजे फिरून पुन्हा होम स्विचवरच येतो आपण.

आणखी एक. लिमिट स्विच म्हणजे इमर्जन्सी स्टॉप नव्हे. लाल मशरूम बटण वेगळं हवं आणि त्याने स्पिंडल आणि ड्रायव्हरची पॉवर प्रत्यक्ष तुटायला हवी. कंट्रोलरच्या रिसेट पिनवर नुसती दोन वायरची जोडी लावून ‘इमर्जन्सी दिलंय’ सांगणारे विक्रेते आहेत. तिथे सॉफ्टवेअर थांबेल, पण इन्व्हर्टरवरचा स्पिंडल थांबेलच याची खात्री नाही. बोटांचा प्रश्न आहे, यावर तडजोड नको.

एनओ की एनसी

आता मुख्य मुद्दा. साध्या मायक्रोस्विचला तीन पाय असतात: कॉमन, एनओ आणि एनसी. दाबलेला नसताना कॉमन आणि एनसी आतून जोडलेले असतात, दाबला की सुटतात. एनओचं उलट, दाबल्यावर जोडला जातो. मल्टिमीटर बीपवर ठेवून एकदा स्वतः तपासा, स्विचवरची छापील अक्षरं पुसट असतात.

बाजारातल्या तयार किटमध्ये बहुतेक वेळा एनओ जोडून देतात. कारण सोपं आहे: जीआरबीएलमध्ये काहीही सेटिंग न बदलता एनओ चालतो. जोडला, दाबला, चालला, गिऱ्हाईक खूश. पण सहा महिन्यांनी केबल चेनमध्ये वाकून वाकून ती वायर तुटते तेव्हा काय होतं, ते बघा. एनओमध्ये ‘स्विच दाबलेला नाही’ आणि ‘वायर तुटलेली आहे’ या दोन्ही गोष्टी कंट्रोलरला अगदी सारख्या दिसतात. सर्किट उघडं, बस. तुम्ही सकाळी येऊन होमिंग देता. झेड वर जायला लागतो. स्विच दाबला जातो, पण निरोप पोचत नाही. झेड वरच्या प्लेटला धडकतो आणि मोटर कर्रर्र करत तिथेच घासत राहते. जीआरबीएल सेटिंगमध्ये भरलेल्या लांबीच्या दीडपट अंतर शोधून मगच अलार्म ९ देतो, ‘स्विच सापडला नाही’ म्हणून. तोपर्यंत कपलिंग सरकलं किंवा नट सैल झाला, तर पुढचा आठवडा तुम्ही ‘कट वाकडा का येतोय’ शोधत बसणार.

एनसीमध्ये उलट आहे. नेहमीच्या स्थितीत सर्किट जोडलेलं. स्विच दाबला की तुटतं, वायर तुटली की तुटतं, कनेक्टर निघाला की तुटतं, स्विचच्या पायावरचं सोल्डरिंग सुटलं तरी तुटतं. हे सगळं कंट्रोलरला ‘थांब’ असंच ऐकू येतं. तुटलेल्या वायरवर होमिंग दिलं तर मशीन जेमतेम दोन-तीन मिलिमीटर हलतं आणि अलार्म ८ येतो, म्हणजे ‘मी मागे सरकलो तरी स्विच सुटत नाही’. पंधरा मिनिटांत मीटरने वायर शोधायची आणि कामाला लागायचं.

म्हणून आमच्या बॅचमध्ये एनसी सक्तीचा आहे. स्विचची किंमत तीच, फक्त पाय बदलायचा.

जोडणी अशी. कंट्रोलरच्या एक्स लिमिट पिनपासून वायर पहिल्या स्विचच्या कॉमनला. त्याच्या एनसीवरून दुसऱ्या टोकाच्या स्विचच्या कॉमनला. त्याच्या एनसीवरून ग्राउंडला. म्हणजे दोन स्विच सिरीजमध्ये, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे: एक निघाला की अख्खी माळ बंद. एनओ असते तर पॅरलल जोडावे लागले असते. वाय आणि झेडची माळ वेगळी. तिन्ही ॲक्सिसची एकच माळ करून पिन वाचवायचा मोह होतो, पण जीआरबीएल एक्स आणि वायचं होमिंग बरोबरच करतो. कोणता स्विच लागला हे त्याला कळायला तीन वेगळ्या पिन लागतातच.

मग सेटिंग. $५ ची किंमत १ करायची (टाइप करताना अर्थात इंग्रजी आकडे). कंट्रोलरची पिन आतल्या पुल-अप रेझिस्टरने ५ व्होल्टकडे ओढलेली असते. आपली एनसी माळ तिला ग्राउंडला धरून ठेवते. माळ तुटली की पिन वर उडी मारते. $५=१ म्हणजे वर गेलेल्या पिनला ‘स्विच लागला’ समज. हा नियम तिन्ही ॲक्सिसना एकत्रच लागतो. त्यामुळे एखाद्या ॲक्सिसला अजून स्विच बसवला नसेल, तर त्याची पिन ग्राउंडला जोडून ठेवा, नाहीतर मशीन कायम अलार्ममध्ये राहील.

अर्डुइनो उनोवर लाल सीएनसी शील्ड व्ही३ लावलेली मशीन आपल्याकडे खूप आहेत. त्यांच्यासाठी एक जागा अशी आहे जिथे हमखास दोन दिवस जातात. शील्डवर झेड लिमिट म्हणून छापलेली पिन उनोच्या ११ नंबरला जाते. पण जीआरबीएलच्या ०.९ आणि पुढच्या आवृत्तीत ११ नंबर स्पिंडलच्या वेगासाठी घेतला आणि झेड लिमिट १२ नंबरवर नेली. शील्डवर १२ नंबर म्हणजे स्पिंडल इनेबल लिहिलेली पिन. शील्डची छपाई जुनीच राहिली. तेव्हा झेडची वायर ‘स्पिंडल इनेबल’वर लावायची. एक्स ९ वर आणि वाय १० वर, ते छपाईप्रमाणेच बरोबर आहेत.

स्विच बसवायचा कुठे

इथे वायरमनपेक्षा फॅब्रिकेटरचं डोकं लागतं. स्विचने गँट्री अडवायची नाही. पन्नास किलोची गँट्री अडवायला टोकाला रबरचा बफर किंवा लोखंडी स्टॉपर असतो, स्विच त्याच्या पाच-दहा मिलिमीटर आधी लागला पाहिजे. रोलरवाला स्विच घ्या, आणि गँट्रीवर तिरकी पट्टी लावा जी रोलरला बाजूने दाबत पुढे सरकेल. मग मशीन थोडं पुढे गेलं तरी स्विचचा चेंदा होत नाही. लिव्हर आणि बटण वरच्या दिशेला उघडं ठेवू नका. एमडीएफची जाळी कापायला लागलात की तासाभरात त्यावर भुशाचा थर बसतो.

झेडचा होम नेहमी वरच. खाली लावून काही अर्थ नाही, बिटची लांबी दर वेळी बदलते आणि खाली टेबल आहे.

वायर कशी ओढायची

खोटे अलार्म. एनसी जोडल्यावर येणारे निम्मे फोन याचेच असतात: ‘दादा, स्विच कोणी दाबलाच नाही आणि मशीन मध्येच थांबतं.’ आणि हे बहुतेक वेळा स्पिंडल सुरू होताना, नाहीतर धूळ ओढणारा ब्लोअर चालू-बंद करताना होतं.

कारण असं की जीआरबीएल हार्ड लिमिटच्या पिनकडे इंटरप्टने लक्ष ठेवतो. क्षणभराची ठिणगीसुद्धा त्याला स्विच वाटते. स्पिंडलचा इन्व्हर्टर आणि त्याची केबल सतत विजेचा गोंगाट करत असतात. शेजारून तीन मीटर लिमिटची साधी वायर नेली की ती अँटिना झाली. त्यात चिपच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा, म्हणजे वायरमधून वाहणारा करंट पाव मिलिअँपियरच्याही आत. इतक्या अशक्त सिग्नलला हलवायला फार गोंगाट लागत नाही. एनसीचा इथेही फायदा आहे, कारण बंद स्विच वायरला थेट ग्राउंडला धरून ठेवतो. पण लांब वायरला तेवढं पुरत नाही.

यावर ‘$२६ वाढवा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मित्रांनो, $२६ चा डिबाउन्स फक्त होमिंगच्या वेळी लागू होतो. काम चालू असताना येणाऱ्या खोट्या अलार्मवर त्याचा काडीचाही परिणाम नाही. २५० चं ५०० केलं काय नि १००० केलं काय, होमिंग तेवढं रेंगाळेल.

मी ज्या क्रमाने जातो तो असा. आधी वायरची वाट बदलायची, यात पैसे लागत नाहीत. लिमिटची वायर स्पिंडलच्या आणि मोटरच्या केबलपासून दूर, मशीनच्या दुसऱ्या अंगाने. एकाच केबल चेनमधून न्यावीच लागली तर मधे पार्टिशन असलेली चेन घ्या आणि दोन टोकांना ठेवा. ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडा. मग शिल्डेड दोन कोअरची, बारीक तारांची लवचिक केबल. घरगुती वायरिंगची एकसंध जाड तार केबल चेनमध्ये टिकत नाही. शिल्ड फक्त कंट्रोलरच्या टोकाला ग्राउंड करायची, स्विचच्या टोकाला कापून टेप मारून मोकळी ठेवायची. दोन्हीकडे जोडली तर तिच्यातूनच करंट फिरायला लागतो आणि होता तो त्रास वाढतो. स्पिंडलची केबलसुद्धा शिल्डेड हवी आणि स्पिंडलच्या बॉडीला अर्थिंग हवं. गोंगाट जिथे तयार होतो तिथेच दाबला तर पुढचं काम सोपं होतं.

एवढ्याने भागलं नाही तर कंट्रोलरजवळ पिन आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, आणि पिन ते ५ व्होल्टमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर. दोन्ही मिळून चहाच्या पैशात येतात.

आणि चार बाय चारच्या पुढचं मशीन असेल तर सरळ ऑप्टोकप्लरवर जा. स्विचची माळ २४ व्होल्टवर चालवायची, ती ऑप्टोच्या आतला छोटा एलईडी पेटवते, आणि पलीकडची बाजू कंट्रोलरची पिन खाली धरते. मधे तांब्याचा संबंधच नाही. २४ व्होल्टच्या सिग्नलला गोंगाटाने हलवणं अवघड, आणि वायर चुकून कुठे शॉर्ट झाली तरी कंट्रोलर वाचतो. २४ व्होल्टचा सप्लाय गेला तरी एलईडी विझतो आणि अलार्म येतो, म्हणजे एनसीचा फायदा टिकून राहतो. तयार मॉड्यूल पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात.

प्रॉक्सिमिटी सेन्सरबद्दल

भुसा जास्त असेल तर इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी चांगला. हलणारा भाग नाही, लाकडाचा भुसा त्याला दिसतच नाही, तो फक्त धातू ओळखतो. तीन वायर: तपकिरी प्लसला, निळी शून्याला, काळी सिग्नल. दुकानात ‘प्रॉक्सी द्या’ म्हटलं की हातात जो ठेवतात तो बहुतेक वेळा एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स असतो. यातला बीएक्स म्हणजे एनपीएन, एनओ. आपल्याला हवा शेवटी एएक्स लिहिलेला, म्हणजे एनपीएन, एनसी. एवाय आणि बीवाय हे पीएनपी. पीएनपीची काळी वायर २४ व्होल्ट बाहेर देते, ती थेट अर्डुइनोच्या पिनवर लावली तर पिन गेली समजा. एनपीएनमध्येही काही स्वस्त सेन्सरच्या आत सिग्नल वायर सप्लायकडे ओढणारा रेझिस्टर असतो. तेव्हा मीटरने न मोजता जोडू नका, आणि मधे ऑप्टो असलेला बरा. नावातला ४ म्हणजे ४ मिलिमीटर अंतर, पण ते लोखंडासाठी. ॲल्युमिनियमची पट्टी समोर असेल तर बरंच कमी होतं.

असे तीन वायरचे सेन्सर माळेत लावणं कटकटीचं असतं. म्हणून मी प्रत्येक ॲक्सिसला होमच्या टोकाला एकच सेन्सर लावतो आणि दुसरं टोक सॉफ्ट लिमिटवर सोडतो. छोट्या दुकानाच्या राउटरला तेवढं पुरतं.

लावून झाल्यावरची तपासणी

पॉवर द्यायच्या आधी मीटरने तिन्ही माळा वाजवून बघा. बीप यायला हवा, स्विच दाबला की थांबायला हवा. मग पॉवर द्या आणि कन्सोलमध्ये प्रश्नचिन्ह पाठवा. जी ओळ येते तिच्यात दाबलेल्या स्विचचं अक्षर पीएन या खुणेपुढे दिसतं. कुठलाच दाबलेला नसताना अक्षर दिसत असेल तर $५ बघा. एक्स दाबल्यावर वाय दिसत असेल तर वायर अदलाबदल आहे.

मग $१३०, $१३१, $१३२ मध्ये तिन्ही ॲक्सिसचा प्रत्यक्ष मोजलेला प्रवास भरा, दोन-तीन मिलिमीटर कमीच. $२२=१ करून होमिंग चालू करा. पहिलं होमिंग मशीन मध्यावर ठेवून करायचं, एक हात पॉवरच्या बटणावर. झेड वर जायला लागला की प्लॅस्टिकच्या काठीने स्विच दाबा. तो थांबून मागे सरकला आणि मग हळू परत आला, म्हणजे बरोबर. मशीन उलट्या कोपऱ्याकडे निघालं तर $२३ बदलायचा: एक्ससाठी १, वायसाठी २, झेडसाठी ४, हव्या तेवढ्यांची बेरीज. पुढचा डावा कोपरा होम हवा असेल तर ३. लिव्हरवाला स्विच असेल तर $२७ एकवरून दोन-तीन करा, म्हणजे मशीन उभं असताना लिव्हर पूर्ण सुटलेला राहील. शोधायचा वेग $२५ मूळचा ५०० असतो, म्हणजे मोठ्या बेडवर दोन-अडीच मिनिटं जातात. तो हळूहळू वाढवा. पण दुसऱ्यांदा टेकायचा वेग $२४ कमीच राहू द्या, अचूकपणा तिथूनच येतो. होमिंग मनासारखं झालं की $२०=१ ने सॉफ्ट लिमिट चालू. हार्ड लिमिट हवं असेल तर $२१=१.

शेवटी दोन परीक्षा. एक: डायल गेज लावून दहा वेळा होम करा. लाकूड-ॲक्रिलिकच्या कामाला काटा ०.०५ मिलिमीटरच्या आत परत येत असेल तर पुरे. दोन: मशीन उभं असताना एकेका स्विचची वायर कनेक्टरमधून ओढून काढा आणि दर वेळी प्रश्नचिन्ह पाठवून त्या ॲक्सिसचं अक्षर दिसतंय का बघा. ज्या वायरला दिसलं नाही ती एनओ जोडली आहे, किंवा कुठे तरी शॉर्ट आहे.

माक थ्री किंवा हातातल्या डीएसपी कंट्रोलरवर काम करणाऱ्यांना हा सगळा विचार तसाच लागू आहे, फक्त सेटिंगची पानं वेगळी. माक थ्री पॅरलल पोर्टवर असेल तर इनपुटच्या पिन पाचच: १०, ११, १२, १३ आणि १५. एक इमर्जन्सीला गेली की चार उरतात, त्यामुळे तिथे सिरीजची माळ ही गरजच होते. डायग्नोस्टिक्सच्या पानावर दिवा बघत बघत ‘ॲक्टिव्ह लो’ची टिक जुळवायची. चार बाय आठच्या मशीनला वायच्या दोन्ही बाजूंना मोटर असते, आणि गँट्री काटकोनात यायला दोन वेगळे होम स्विच लागतात. साधं जीआरबीएल जसंच्या तसं ते करत नाही, जीआरबीएल हॅल किंवा फ्लुइड एनसी करतात. त्याचा व्हिडिओ वेगळा करावा लागेल.

ज्यांचं मशीन अजून घ्यायचं आहे त्यांनी कोटेशनमध्ये एवढं लिहून घ्या: तिन्ही ॲक्सिसला होम स्विच, जोडणी एनसी, केबल शिल्डेड आणि लवचिक, इमर्जन्सी बटणाने स्पिंडलची पॉवर तुटणार. आणि डिलिव्हरी घेताना विक्रेत्यासमोर वायर काढायची परीक्षा करा. स्विच नाहीतच म्हणाला तर लगेच मशीन नाकारू नका, बाकीचा सांगाडा चांगला असेल तर हे काम तुम्ही स्वतः एका रविवारात करू शकता. फक्त सामानाची आणि त्या रविवारची रक्कम किमतीतून कमी करून मागा.